कानातली तार आणि मुक्कामाची भाकरी

मला एस्टीवरनं खाली उतरवलं ते माझ्या घोरण्यानं. खोटं वाटंल, पण खरं हाय. वीस वर्षांच्या वर गाडी चालवली, कुणाच्या शेरडाला धक्का लावला न्हाय, आणि शेवटी पायउतार झालो ते बायकोच्या तोंडून निघालेल्या चार वाक्यांपायी.

वर्षाची डॉक्टरी तपासणी होती. डोळे बघितले, रक्त काढलं, वजनकाट्यावर उभं केलं. काट्याकडं बघून डॉक्टर नुसता 'हं' म्हणाला. मग त्यानं माझ्या मानेला टेप लावला. मला हसूच आलं. म्हणलं, "सदरा शिवताय का काय साहेब?" तो काही हसला न्हाय. "झोपेत घोरता का?" म्हणाला. मी बिनदिक्कत "न्हाय" म्हणून मोकळा झालो. शेजारी माझी बायको बसली होती. घरी चार पाहुणे आले तर ही आतल्या खोलीतनं बोलणार, पण तिथं तिला वाचा फुटली.

"घोरत न्हाईत? डॉक्टर, शेजारच्यांनी ह्यांच्या घोरण्यापायी म्हस लांब नेऊन बांधली. आन् घोरलेलं परवडलं. मधीच आवाज बंद पडतोय. श्वासच बंद! मी उठून नाकापाशी हात धरून बसते. मग एकदम हिसका बसतोय आन् परत सुरू."

"दिवसा डोळा लागतो का?" डॉक्टरनं मला विचारलं.

मी वजनकाट्याकडं बघायला लागलो. तेवढ्यावरनंच त्याला काय कळायचं ते कळलं.

मग सोलापूरला नेऊन रात्रभर अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी केली. निघालं ते असं: वजनानं गळा आतनं दबतोय, झोपेत श्वास अडतोय, म्हणून झोप पुरी होत न्हाय आणि माणूस दिवसा पेंगतोय. तिथल्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, "रात्री नाकावर हवा सोडणारा मास्क लावून झोपायचं आणि वजन उतरवायचं. परत तपासणी नीट आली तर स्टेअरिंग. नाही आली तर नाही. तुमच्या मागं गाडीभर माणसं बसलेली असतात."

मला लई वाईट वाटलं. राग बी आला, बायकोचा आला, डॉक्टरचा आला, त्या मुक्या टेपचा सुद्धा आला. घरी येईपर्यंत मी बायकोशी बोललो न्हाय. पण रात्री आडवा झालो आणि सकाळच्या गाडीत पुढच्या बाकावर बसणाऱ्या कॉलेजच्या पोरी डोळ्यासमोर आल्या. वह्या मांडीवर घेऊन, माझ्या भरवशावर डुलक्या काढणाऱ्या. म्हणलं, गाडीत झोपायचा हक्क त्यांचा हाय, माझा न्हाय. तिथं माझा राग संपला.

पण ड्रायव्हरचं स्टेअरिंग काढलं म्हंजे मागं काय उरतंय? मला धाराशिवच्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवलं. बारक्या जाळीतनं दिवसभर सांगायचं, तेर तीन नंबरला लागंल, बेंबळी आत्ताच गेली, तुळजापूर दर थोड्या वेळानं हाय. बाकीचे ड्रायव्हर चहाला जाता जाता जाळीवर टिचकी मारायचे, "काय साहेब, आज एसी चालू का?" मी हसायचो. आतनं काळीज कुरतडायचं. गाड्या फलाटावरनं मागं घेताना मी खिडकीत बसून पायानं ब्रेक दाबायचो. सवय, दुसरं काय.

आता हे पोट आलं कुठनं, ते सांगायला पायजे.

मी बरीच वर्षं मुक्कामी गाडी केली. संध्याकाळी डेपोतनं निघायचं, तेरच्या पुढं एका आडगावाला जाऊन रात्रीची गाडी लावायची आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. हॉटेल न्हाय, खानावळ न्हाय. म्हणून गावाची रीतच पडलेली, ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गावानं करायचं. आज ह्या घरचं, उद्या त्या घरचं. कुणी सांगायला लागत न्हाय. गाडीचा हॉर्न ऐकला की कुणाच्या तरी चुलीवर तवा चढायचा. ज्वारीची भाकरी, वर तुपाची धार, भाजलेल्या पिठाची येसर-आमटी, शेंगदाण्याची चटणी, सणावाराला खव्याच्या पोळ्या. कंडक्टरला आमच्यात मास्तर म्हणतात. आमचा मास्तर वाळका गडी, त्याच्या अंगाला काही लागायचं न्हाय. त्याचं बी मलाच लागायचं.

त्या गावात एक मावशी होती. गाडी थांबायची तिच्या दाराच्या समोर, म्हणून दुसऱ्यांची पाळी असली तरी हिचं काहीतरी यायचंच. हिची नात सकाळच्या माझ्याच गाडीनं कॉलेजला जायची. मावशीचा कायदा एकच होता. पाहुण्याचं पहिलं 'पुरे' धरायचं न्हाय. पहिलं 'पुरे' म्हंजे लाज, दुसरं 'पुरे' म्हंजे रीत, तिसऱ्याला बघू. हात आडवा धरला तर हाताखालनं भाकरी सरकवायची. ताटावर पालथा पडलो तर म्हणायची, "पडलास ते ठीक, आता उठून ही अर्धी खा." आणि मी खायचो. दिवसभर डिझेलच्या वासात काढल्यावर कुणी मायेनं वाढतंय, तर न्हाय म्हणायला जीभ उचलंल का? आणि खरं बोलायचं तर मला पोट भरलं असं कधी वाटायचंच न्हाय. लोकांना कसं कळतंय कोण जाणे. माझं ताट रिकामं झालं की माझं जेवण झालं, एवढंच मला ठाऊक.

असो. सोलापूरच्या डॉक्टरनं आठवड्याला एक सुई लिहून दिली. पेनासारखी असते, पोटावर टेकवायची आणि दाबायची. भूक कमी करते म्हणाला. बायको मेंढरं राखणाऱ्या घरातली, माहेरी जनावरांना सुया टोचलेली बाई. तिनं हातात पेन घेतलं की मी घरभर फिरायचो. "अहो, शेळी गप उभी राहतीय, तुमीच कसं नाचताय!" म्हणून ती माझ्या मागं.

सुईनं सुरुवातीला काम केलं. वजन उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडलं. मग बसलं ते बसलंच, हलायचं नाव न्हाय. डॉक्टरनं डोस वाढवला तर ओकारी सुरू झाली. खिडकीत बसून बाईमाणसाला गाडीचा टाइम सांगता सांगता मी उठून पळायचो. दोन-चारदा तसं झाल्यावर डॉक्टरनं डोस परत खाली आणला. मी म्हणलं, संपलं. आता ह्या जाळीमागंच रिटायर व्हायचं.

तेव्हा त्यानं ते यंत्र काढलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, त्याला एक बारीक तार, तारेच्या टोकाला चिमटा. म्हणाला, "हे डाव्या कानात लावायचं. भोकात नाही, कानाच्या ह्या वरच्या खोलगटात. इथं एका नसेची फांदी येते. तीच नस मेंदूपासून खाली पोटापर्यंत जाते. पोट भरल्याची खबर याच वाटेनं वर जाते. तिला बाहेरून हलका करंट द्यायचा. सुई चालूच ठेवायची, हे तिच्या जोडीला."

बायको खुर्चीतनं अर्धी उठली. "कानात करंट? आवो, आदीच डोकं कमी चालतंय ह्यांचं!"

मी मात्र कान टवकारून ऐकत होतो, कारण मला ते लगेच कळलं. आमच्या जुन्या गाड्यांत डिझेलचा काटा असाच असायचा. टाकी काठोकाठ भरली तरी काटा रिकामीच दाखवायचा. टाकी चांगली, काटा चांगला, मधली वायर ढिली. म्हणलं, "साहेब, माझी वायर ढिली हाय म्हणा की." तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "तसंच काहीसं. पण मी खोटी आशा देणार नाही. हे नवीन आहे. याचा किती उपयोग होतो ते अजून तपासणं चालू आहे, सगळ्यांना लागू पडतं असं नाही. बघायचं का?" म्हणलं, बघायचं. बुडत्याला काडीचा आधार, इथं तर तार होती. त्यानं आधी हृदयाची पट्टी काढून खात्री केली, माझ्या कानातली बाळी काढायला लावली, आणि यंत्र लावून दाखवलं. मुंगी चालल्यागत झालं. करंट वाढवत न्यायचा, टोचायला लागला की थोडा कमी करायचा. जेवणाच्या आधी अर्धा तास, दोन्ही टायमाला.

दुपारचा अर्धा तास खिडकीतच यायचा. आणि तिथं गंमत सुरू झाली.

कानात तार बघितली की लोकांना वाटायचं, हे बहिऱ्याचं मशीन हाय. माणूस जाळीपाशी यायचा, माझ्या कानाकडं बघायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि बोंबलायचा, "बेंबळीची गाडी किती वाजताऽऽ?" सगळा स्टँड वळून बघायचा. मी हळू म्हणायचो, "ऐकू येतंय मला." त्यावर ते आणखी जोरात, "काय म्हणलातऽऽ?" एका म्हाताऱ्यानं तर हातानं खुणा करून विचारलं, हात गोल फिरवून गाडी दाखवली, मग बोटानं तेरची दिशा दाखवली. त्याला मी बी खुणेनंच तीन बोटं दाखवली. काय करणार! कुणीतरी डेपो मॅनेजरकडं जाऊन तक्रार केली, "चौकशीला बहिरं माणूस बसवलंय, सरकारची कमाल हाय." मॅनेजर मला बोलावून म्हणाले, "तो तुमचा अर्धा तास आतल्या खोलीत काढत जा बाबा, पब्लिक ओरडून ओरडून माझेच कान गेले."

यंत्र लावून बरेच दिवस काही फरक पडला न्हाय. मी मनातनं धरून चाललो होतो की हे बी वाया. आणि मग एक दिवस दुपारी बायकोनं दिलेला डबा खात होतो. दोन भाकऱ्या होत्या. दीड झाली आणि हात थांबला. आपोआप थांबला. कुणी धरला न्हाय, मी ठरवलं न्हाय. घास तोडलेला होता आणि तो उचलावासा वाटंना. मला घामच फुटला. वाटलं, झालं, काहीतरी मोठं दुखणं लागलं. बायकोला फोन केला.

"अगं, माझी अर्धी भाकरी उरली."

"का? कडक झाली का?"

"न्हाय गं. जाईना."

"ओकारी येतीय का?"

"न्हाय. चांगलं वाटतंय. नुसतं... भरल्यागत वाटतंय."

मग ती म्हणाली, "अहो, त्यालाच पोट भरणं म्हणत्यात." आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. मी त्या उरलेल्या अर्ध्या भाकरीकडं बघत बसलो. उभ्या जन्मात मी भाकरी उरवली नव्हती. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

सुईनं झालं, तारेनं झालं का दोन्हींनी मिळून झालं, मला ठाऊक न्हाय. डॉक्टर बी म्हणाला, ठामपणे सांगता यायचं नाही. पण त्या दिवसापासनं काटा परत खाली यायला लागला. हळूहळू, पण हलला.

आणि नेमकं तेव्हाच गावाकडनं डबे यायला लागले.

मुक्कामी गाडी आता दुसरा ड्रायव्हर न्यायचा, मास्तर तोच होता. गावाला कळलं होतं की आपला ड्रायव्हर आजारी पडून गाडीवरनं काढलाय. मग काय, आजारी माणसाला खाऊ घातलं पायजे! सकाळच्या गाडीनं मास्तर फडक्यात बांधलेला डबा घेऊन खिडकीपाशी यायचा. धपाटे, तुपातला शिरा, डिंकाचे लाडू. सगळं मावशीच्या हातचं. मी त्याला म्हणायचो, "सांग बाबा तिला, आता एवढं जात न्हाय." तो म्हणायचा, "मी न्हाय सांगत. तुमीच सांगा. मी तर तिला सांगतो, काका बोटं चाटत होते." डबा आम्ही वर्कशॉपात द्यायचो. मेकॅनिक लोक आशीर्वाद देऊन खायचे. आणि मास्तर संध्याकाळी तिकडं जाऊन सांगायचा, सगळं संपलं बरं का मावशी. म्हणून दुसऱ्या दिवशी डबा आणखी जड.

त्यातनं भलतंच झालं. गावातली कुणी ना कुणी माणसं स्टँडवर यायची, मला जाळीतनं बघून जायची आणि गावात जाऊन सांगायची, ड्रायव्हर लई वाळला. आमच्याकडं वाळलेला माणूस म्हंजे आतनं काहीतरी लागलेला माणूस. एवढं खाऊन वाळतोय म्हंजे तर नक्कीच काहीतरी वंगाळ. आणि वर कानात तार!

एके दिवशी मावशी स्वतः आली. डोळे दाखवायला धाराशिवला आली होती, तिथनं सरळ स्टँडवर. त्या दिवशी आतली खोली बंद होती, म्हणून मी यंत्र लावून खिडकीतच बसलो होतो. तिनं जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्याकडं बघत राहिली. गालाकडं, गळ्याकडं, मग तारेकडं. आणि तिचा बांध फुटला.

"आरं लेकरा, काय दशा झाली रं तुझी!" सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कानानं बी गेलास व्हय रं! म्या येडाई देवीला साकडं घातलंय, माझा डायवर गाडीवर परत येऊ दे, वटी भरते म्हणून!"

मी बाहेर आलो, तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. म्हणलं, "मावशी, ओरडू नका, मला ऐकू येतंय. मी आजारी न्हाय. वजन उतरवायला डॉक्टरनं सांगितलंय. उतरलं तरच गाडी मिळणार हाय. वाळतोय ते चांगलंच चाललंय."

ती रडायची थांबली. "मग माझे डबे?"

मास्तर समोरच उभा होता, तो जमिनीकडं बघायला लागला. मी खरं सांगितलं. "मावशी, मला जात न्हाय आता. पोरं खात होती वर्कशॉपातली."

तिच्या तोंडावरचा रंगच बदलला. "म्हंजे आमच्या भाकरीनं तुझी गाडी गेली म्हन की."

"तसं न्हाय मावशी..."

"न्हाय कसं? वाढलं कुनी? म्याच न्हवं?" ती उठली. त्या दिवशीचा डबा जाळीपाशी तसाच होता. तिनं तो उचलला, फडक्याची गाठ घट्ट केली, काखेत मारला आणि गाडीकडं चालायला लागली. मी मागं मागं गेलो. तिनं वळून बघितलं न्हाय. दुसऱ्या दिवशीपासनं डबे बंद.

खरं तर सुटलो म्हणायला पायजे होतं. पण सकाळची गाडी आली की माझं लक्ष मास्तरच्या हाताकडं जायचं, आणि हात रिकामा बघून मी उगीच जाळी पुसत बसायचो. बायको म्हणाली, "जाऊन या की एकदा." म्हणलं, जाईन तर गाडी घेऊन जाईन.

परत तपासणीचा दिवस आला. रात्रभर वायरी लावून सोलापूरला झोपलो. झोपलो कसला, सुरुवातीला देवाचा धावा करत पडलो होतो. सकाळी डॉक्टर कागद बघत बसला. मी त्याच्या भुवयांकडं बघत होतो. बायकोनं माझं मनगट असं धरलं होतं की घड्याळ रुतलं. डॉक्टर म्हणाला, "श्वास जवळजवळ नीट झालाय. मास्क सोडायचा नाही, सुई आणि यंत्र मी सांगेन तोवर. वजन परत चढलं तर मी परत उतरवीन, हे ध्यानात ठेवा."

"म्हंजे?" मला कळलं होतं तरी विचारलं.

"म्हणजे गाडी चालवा."

बायको दवाखान्याच्या जिन्यात बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. येणारी जाणारी माणसं समजली, कुणीतरी गेलं. मी सगळ्यांना सांगत होतो, "न्हाय हो, चांगलं झालंय, चांगलं झालंय!" छातीवरनं कुणीतरी टायर उचलल्यागत झालं होतं मला.

डेपोत मॅनेजरांनी विचारलं, कुठली गाडी देऊ? सोलापूरची घ्या, रात्री घरी झोपाल. मी म्हणलं, मला माझा मुक्काम द्या. बायको चिडली. "तिथं जाऊन परत आडवा हात मारला तर? ती माणसं तुमाला सोडत्यात व्हय?" तिचं खोटं न्हवतं. भीती मला बी होतीच. सुईची भीती गेली होती, करंटची गेली होती, मावशीच्या 'आजून एक घे'ची राहिली होती. आणि त्याहून मोठी भीती, ती येणारच न्हाय ह्याची.

खाकी चढवली. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि पोट आणि चाकाच्या मधी माझी मूठ मावली. मास्तरनं डबल बेल मारली. तेरच्या पुढं गेल्यावर रस्ता तसाच खड्ड्यांचा, पण मी टक्क जागा होतो. बाभळी दिसत होत्या, बांधावरची माणसं दिसत होती. इतक्या वर्षांत ह्या वाटेला एवढं सगळं हाय हे मी बघितलंच नव्हतं.

गावात हॉर्न दिला. दिवस मावळत होता. माणसं गोळा झाली. "डायवर आलं रे!" मग एकानं मला वरखाली बघितलं आणि म्हणाला, "आलेत, पण अर्धेच आलेत. बाकीचे मागच्या गाडीनं येणार का?" सगळे हसले, मी बी हसलो. पण मावशीचं दार लोटलेलं होतं.

जेवणाची वेळ झाली होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून कानात चिमटा लावला. मुंगी चालायला लागली. पोरंसोरं खिडकीतनं डोकावत होती, मास्तर त्यांना सांगत होता की हे बहिऱ्याचं मशीन न्हाय, ओरडू नका. तेवढ्यात मागच्या दारानं मावशी चढली. हातात डबा. माझ्या पाठीमागच्या बाकावर बसली, जिथं तिची नात सकाळी बसते.

"किती येळ हाय त्याचा?" म्हणाली.

"अर्धा तास मावशी."

"मग बसते."

बसली. मांडीवर डबा. माझ्या कानातली तार निरखून बघितली. मग म्हणाली, "दुखतंय का रं?"

"न्हाय. मुंगी चालल्यागत होतंय."

"आन् ते करतंय काय?"

"पोट भरलं की डोक्याला खबर देतंय."

"आदी देत नव्हतं पोट?"

"देत असंल मावशी. मला कळत नव्हतं."

तिनं डब्याचं फडकं उगीच सारखं केलं. "आमाला तरी कुठं कळत हुतं," म्हणाली. आणि मग दोघं बी बाहेर बघत बसलो.

यंत्र थांबलं. मी चिमटा काढला, हात धुतले. तिनं डबा उघडला. थोडी आमटी, काकडी, चटणी, आणि बारकीशी एक भाकरी. एवढीशी भाकरी तिनं जन्मात थापली नसंल. कडा वाकड्या झाल्या होत्या. तूप नव्हतं. मी खाल्लं, अगदी चवीनं, एकेक घास. मास्तर आणि बाहेरची माणसं बघत होती, मावशी तर माझ्या हातातल्या घासावर डोळा ठेवून होती. भाकरी संपली आणि तिचा हात, इतक्या वर्षांची सवय, फडक्यात गेला. खाली आणखी एक भाकरी होतीच. ती निम्मी बाहेर आली.

"पुरे, मावशी," मी म्हणलो. पहिल्यांदाच म्हणलो, एकदाच.

हात हवेतच थांबला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग ती भाकरी परत फडक्यात ठेवली आणि गाठ मारली.

"बरं," म्हणाली. उठली, बाकाच्या दांड्याला धरून पायरीपाशी गेली आणि तिथनं मागं वळली. "सकाळच्या गाडीत माझी नात हाय. निवांत झोप जा."

आणि मी झोपलो.